ताई ची आणि चहाची वेळ

ताई ची पाहिलं की वाटतं, कुंग फू स्लो मोशनमध्ये चाललंय! पण या चिनी व्यायामात वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर जातं. त्यानं वयस्कर माणसांचा तोल सुधारतो, पडण्याचा धोका कमी होतो. मात्र तो नियमित व्हायला हवा. इथे ऑक्युपेशनल थेरपी उपयोगी पडते. लॉस एंजेलिसमधल्या ३६१ ज्येष्ठांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या गप्पा-खेळांच्या गटापेक्षा थेरपिस्टबरोबर दिनक्रम नव्यानं आखणाऱ्यांना जास्त फायदा झाला. दोन्ही जोडलं, तर थेरपिस्ट आधी विचारतो: चहा कधी घेता? कुठल्या पायरीची भीती वाटते? मग चहाआधी, खुर्चीची पाठ धरून, दोनच हालचाली. सवय लागली की जिनाही सोपा वाटतो. सुट्टीत घरी गेलात की आजीला आधी तिचा दिवस विचारा, व्यायाम नंतर.