कार्ल्याचे यवन आणि दक्खनची खापरे

एकवीरेच्या दर्शनाला येणारी गर्दी चैत्यगृहात डोकावते, पण खांबांवरची अक्षरे सहसा कोणी पाहत नाही. सुमारे 38 मीटर लांबीच्या या मंडपात 37 खांब आहेत. ब्राह्मी लेखांतून दात्यांची नावे कळतात: सोपाऱ्याचा सातिमित, धेनुकाकटाचा यवन सिहधय, तिथलाच यवन धम्म. नावे इथली, दान बौद्ध संघाला, आणि ओळख मात्र यवन.

हे यवन भूमध्य सागराकाठचे ग्रीक, त्यांचे इथे रुळलेले वंशज, की पश्चिमेकडून आलेले आणखी कोणी, हे लेख सांगत नाहीत. मात्र कल्याण-सोपाऱ्याकडचा माल बोरघाटाने वर येई आणि जुन्नर, पैठण, तेरकडे जाई, ती वाट मावळातलीच. त्या मालाची साक्ष हवी असेल, तर संग्रहालयातली खापरे हाती घ्यावी लागतात.

नेवाशाच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या मंडळींना मद्यकुंभांचे, म्हणजे अँफोरांचे, तुकडे सापडले. असे खापर ओळखायचे कसे? ताजी कड भिंगाखाली धरायची. मातीत काळे, चकचकीत ज्वालामुखीय कण दिसले, तर तो कुंभ नेपल्सच्या उपसागराच्या, व्हेसुव्हियसच्या परिसरातला असण्याची शक्यता मोठी. मुठीला जोडनळ्यांसारखे दोन दांडे असतील, तर खात्री वाढते.

रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने भारतातल्या अनेक संग्रहांतली खापरे अशीच पुन्हा तपासली. ‘रोमन’ म्हणून नोंदलेले कित्येक तुकडे इराणी आखाताकडचे, काही शतके नंतरचे निघाले. त्या निमुळत्या कुंभांना मूठ नसते, आणि आतून डांबराचा लेप असतो. रोमन कुंभांना आतून झाडाच्या राळेचा लेप देत. दोन्ही लेप काळेच, म्हणून नुसत्या नजरेने फसगत होते. माझ्या मते गेल्या काही दशकांतले हे सर्वांत मोलाचे काम आहे: नवे उत्खनन न करता, कपाटातल्या वस्तू पुन्हा हाती घेऊन व्यापाराचा इतिहास दुरुस्त झाला.

खापरांखेरीज मूर्तीही साक्ष देतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तेरच्या लामतुरे संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की 1938 मध्ये पॉम्पेईत मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आठवतेच. एक वस्तू तिकडून आली, दुसरीसारखी तिकडे गेली.

मावळातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना आधी कार्ल्याच्या खांबांपाशी उभे करा, यवनांची नावे दाखवा. मग पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन जा आणि तिथल्या अभ्यासकांना आधी पत्र लिहून, एखादे खापर मुलांना हातात धरू देता येईल का, हे विचारा.