पक्षी पाडला कुणी?

समजा, खांबावर बसवलेल्या एका लाकडी पक्ष्यावर सकाळपासून दोनशे गोळ्या झाडल्या. एकशे नव्व्याण्णव गोळ्यांत त्याचे पंख गेले, शेपटी गेली, पोट पोखरलं गेलं. दोनशेव्या गोळीने उरलेला तुकडा खाली आला. तर मग पक्षी पाडला कुणी?

जर्मनीत झाउअरलांडच्या डोंगराळ भागातल्या कुठल्याही खेड्यात विचारलंत तर उत्तर एकच मिळेल: दोनशेव्या गोळीवाल्याने. आणि तो आता वर्षभर त्यांचा राजा!

या उत्सवाला शुत्सनफेस्ट म्हणतात, म्हणजे नेमबाजांचा उत्सव. मध्ययुगात गावं-शहरं राखण्यासाठी नागरिकांची पथकं असत, त्यातून ही परंपरा आली. अनेक पथकांचा रक्षक संत सेबास्टियन. बाणांनी विंधलेला संत नेमबाजांचा रक्षक व्हावा, हे मला जरा विचित्रच वाटतं, पण असो. आता राखण करायला पोलीस आहेत. उरलंय ते उन्हाळ्यातले दोन-तीन दिवस: गणवेशातली मिरवणूक, बँड, बिअर आणि हा पक्षी.

सुरुवातीचे मानाचे बार धर्मगुरू, महापौर, मावळता राजा वगैरे मंडळी काढतात. मग रांग लागते. आधी पक्ष्याचा मुकुट, राजदंड आणि पायातला गोळा पाडायचा, त्यांचे मान वेगळे. शेवटी धड. बऱ्याच ठिकाणी बंदूक स्टँडवर पक्की बसवलेली असते, त्यामुळे नेमबाजीचं कौशल्य तुम्हाला वाटतं तितकं लागत नाही.

मग काय लागतं? इथे माझा विषय येतो. माझी पीएचडी पदार्थांच्या थकव्यावर आहे, म्हणजे वारंवार मार खाऊन वस्तू शेवटी कशा तुटतात यावर. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो. दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्या वेळी पडण्याची शक्यता वाढत नाही, कारण फाशाला आठवण नसते. लाकडाला असते. प्रत्येक गोळी थोडे तंतू चिरडते आणि तंतूंच्या दिशेने बारीक भेगा पाडते. सरपण फोडलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, लाकूड आडवं तोडणं कठीण, उभं चिरणं सोपं. त्या भेगा एकमेकींना मिळत जातात, पक्ष्याला धरून ठेवणारा भाग बारीक होत जातो. ‘आतापर्यंत टिकलाय, तर पुढच्या गोळीला पडण्याची शक्यता किती?’ या आकड्याला आम्ही हॅझार्ड रेट म्हणतो. फाशाचा तो कायम तेवढाच राहतो. पक्ष्याचा साधारणपणे चढत जातो, आणि शेवटी शेवटी तर झपाट्याने.

म्हणजे राजा होण्यासाठी उत्तम नेमापेक्षा योग्य क्षणी रांगेत पुढे असणं महत्त्वाचं. मेहनत सगळ्यांची, राज्य एकाचं. लॉटरीच म्हणा ना! पण गंमत पुढेच आहे. राजा होणं स्वस्त नाही. वर्षभर लोकांना बिअर पाजायची, राणीचे आणि दरबाराचे कपडे बघायचे. क्लब थोडी मदत करतो, तरी हजारो युरो जाऊ शकतात. त्यामुळे पक्षी लोंबकळायला लागला की रांग आपोआप आटते. ज्यांना परवडत नाही ते बाजूला होतात किंवा नेम मुद्दाम चुकवतात. उरतात दोघं-तिघं, खरोखर इच्छुक. तुटण्याची शक्यता आणि माघार घेण्याची शक्यता, दोन्ही एकदमच वाढतात. माझ्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांना ही सोय नाही.

रांगेत कोण उभं राहू शकतं हे मात्र लाकूड ठरवत नाही. अनेक क्लबांत आजही पक्ष्यावर नेम धरतात ते फक्त पुरुष. तिथे मला काठावर उभं राहून हॅझार्ड रेटच मोजावा लागला असता. आणि 2014 साली वेर्ल शहरात मोडणाऱ्या झ्योनर्न या खेड्यात तर पक्षी पडल्यानंतर पंचाईत झाली. शेवटची गोळी होती क्लबच्याच एका सदस्याची, तुर्की वंशाच्या मुस्लिम माणसाची. गावाने त्याला राजा केलं. मग वरच्या ऐतिहासिक नेमबाज बंधुसंघांच्या महासंघाने नियमावली काढली: सदस्य ख्रिस्ती हवा, राजपद सोडा. देशभर गदारोळ झाला. गाव राजाच्या पाठीशी राहिलं, आणि शेवटी महासंघाने ‘अपवाद’ म्हणून त्याचं राजपद मान्य केलं.

क्लबांमध्ये राजाच्या गळ्यात चांदीची साखळी असते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक राजा तिला आपल्या नावाचा एक पत्रा जोडतो, म्हणून ती दरवर्षी थोडी जड होते. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव गोळ्यांची नोंद तिच्यावर कुठेच नसते.