इंद्रायणीतील शिंपले

उन्हाळ्यात इंद्रायणीचे पाणी ओसरले म्हणजे देहूच्या परिसरातील मुले नदीकाठची वाळू उकरू लागतात आणि त्यांतील काहींच्या दप्तरातून शिंपले शाळेत येतात. शिंपले समुद्रात असतात, एवढेच मुलांनी चित्रांत पाहिलेले असते. त्यामुळे नदीतील शिंपला कोठून तरी वाहत आला असावा, असे त्यांना वाटते. वस्तुतः तो प्राणी याच नदीत जन्मतो, वाढतो व मरतो. हाती आलेले कवच हे त्याचे मागे उरलेले शरीरच होय. शंखातील गोगलगाय काय किंवा शिंपल्यातील प्राणी काय, कवच टाकून दुसरीकडे राहावयास जात नाही. शरीराबरोबर कवचही वाढत जाते.

शिंपल्याला दोन पुटे असतात, म्हणून त्याच्या वर्गास द्विपुट म्हणतात. पाठीकडील बाजूस ही पुटे एका लवचिक बंधाने जोडलेली असतात. बंधाचा स्वाभाविक ताण पुटे उघडण्याकडे असतो. ती मिटविण्याचे काम आतील दोन बळकट स्नायू करतात. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात, बंध मात्र आपले काम करीतच राहतो. मेलेला शिंपला उघडा का, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. रिकाम्या पुटाच्या आत दोन टोकांस जे पुसट वण दिसतात, ते या स्नायूंच्या चिकटण्याच्या जागा होत.

या प्राण्याला डोके नाही, डोळे नाहीत, दातही नाहीत. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा मांसल पाय बाहेर काढून तो गाळात रुततो व हळूहळू सरकतो. उथळ पाण्यात त्याने मागे सोडलेली चर स्पष्ट दिसते. पुटांच्या आतील बाजूस प्रावार नावाचे पातळ पटल असते. कवच तयार करणारे तेच. मागील टोकाकडील एका वाटेने पाणी आत येते, कल्ल्यांवरून फिरते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर जाते. कल्ले श्वसन करतात, तसेच पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व सेंद्रिय कण गाळून तोंडाकडे पोचवितात. नदीचे पाणी असे अखंड त्याच्या शरीरातून जात असते.

स्वातीचा थेंब पडून मोती होतो, ही कथा मुले घरून ऐकून येतात. कथा म्हणून ती गोड आहे. तथापि मोती होतो तो प्रावाराचा अंश अथवा बाहेरचा एखादा कण वा परजीवी आत अडकल्यावर त्याभोवती मौक्तिकद्रव्याचे थर साचून. गोड्या पाण्यातील मोत्यांच्या संवर्धनासाठी आपल्या देशात लॅमेलिडेन्स हा नदी-तळ्यांतील शिंपलाच वापरतात.

वर्गीकरणात एक मौज आहे. लॅमेलिडेन्स लांबट व तुलनेने पातळ असून त्याची आतील बाजू मोत्यासारखी चमकते. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या एका जातीचे वर्णन १८१९ मध्ये केले. दख्खनच्या नद्यांत कॉर्बिक्युला हा दुसरा, लहान व गोलसर शिंपलाही आढळतो. त्याच्या पुटांवर ठळक समांतर वळ्या असतात. एकाच वाळूत राहणारे हे दोघे जवळचे आप्त असावेत, असे कोणासही वाटेल. परंतु कॉर्बिक्युलाचे नाते कोकणच्या खाडीतील तिसऱ्यांशी अधिक जवळचे आहे. दोघांचा गण एकच. लॅमेलिडेन्सचा गण निराळा आहे, आणि खडकास चिकटणारी कालवे तर या दोहोंपासूनही दूरची.

लॅमेलिडेन्सची पिल्ले प्रथम मादीच्या कल्ल्यांत राहतात. बाहेर पडल्यावर या सूक्ष्म डिंभांना माशाच्या कल्ल्यास किंवा पंखास चिकटावे लागते. काही काळ तेथे काढून, रूप पालटल्यावर ते तळाशी उतरतात. मासा मिळाला नाही तर डिंभ मरतो. देहूच्या डोहातील मासे भाविकांनी पूर्वापार राखले, त्याचा लाभ अशा रीतीने शिंपल्यांनाही झाला असला पाहिजे. कॉर्बिक्युलास मात्र माशाची गरज पडत नाही.

अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीवर रसायनांचा पांढरा फेस वारंवार दिसला आहे. शिंपला पळून जाऊ शकत नाही. पाणी बिघडले की तो पुटे मिटून काही काळ तग धरतो. बिघाड लांबला की मरतो. वाळूचा उपसा झाला तर त्याचे घरच जाते. पाण्यातील जड धातू त्याच्या मांसात साठतात, म्हणून अशा ठिकाणचे शिंपले खाऊ नयेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

पाठासाठी जिवंत शिंपले काढू नयेत. रिकामी पुटे पुरेशी आहेत. खोल पाण्याकडे मुलांस जाऊ न देता, उघड्या काठावर शिक्षकांनी स्वतः बरोबर राहून ती वेचून घ्यावीत. प्रत्येक पुटाची लांबी पट्टीने मोजून वहीत मांडावी व दोन्ही पुटे जोडलेली आहेत की सुटी, याचीही नोंद करावी. जोडलेली पुटे असतील तर प्राणी अलीकडेच व बहुधा जवळपास मेला, असे समजावे. सुटी पुटे दुरून वाहत आलेलीही असू शकतात. दरवर्षी उन्हाळ्यात त्याच जागी ही मोजणी केल्यास एक गोष्ट ध्यानात येऊ शकेल. मोठी पुटे पुष्कळ, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान लॅमेलिडेन्स वर्षानुवर्षे एकही नाही, असे आढळले, तर तेथे बहुधा म्हातारे शिंपले उरले आहेत, नवे जन्मत नाहीत, असा संशय घेण्यास जागा आहे.