गणकयंत्राच्या साहाय्याने पैशांची बेरीज व वजाबाकी

गणकयंत्राच्या साहाय्याने पैशांची बेरीज व वजाबाकी ही प्राथमिक स्तरावरील व्यवहारगणिताच्या अध्यापनातील एक कृती होय. गणकयंत्र अर्थात कॅल्क्युलेटर वापरून हिशेब करताना विद्यार्थ्याला चार टप्प्यांतून जावे लागते : रक्कम दशांश अपूर्णांकाच्या रूपात यंत्रात भरणे, योग्य क्रिया निवडणे, पडद्यावरील उत्तर रुपये व पैसे यांत वाचणे, आणि ते उत्तर संभवनीय आहे की नाही हे ठरवणे. हे चारही टप्पे विद्यार्थ्याचे असतात; यंत्र केवळ मधले गणन करते. त्यामुळे कळा दाबण्याचा सराव हा या अध्यापनाचा अल्पसा भाग असून रकमेचे लेखन, वाचन आणि पडताळा यांवर अधिक वेळ द्यावा लागतो.

पार्श्वभूमी

भारतात १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै असे कोष्टक होते. या पद्धतीतील हिशेब दशमान यंत्रावर सरळ करता येत नाहीत. उदाहरणार्थ, ३ रुपये १२ आणे व २ रुपये ६ आणे यांची बेरीज ६ रुपये २ आणे होते. परंतु याच रकमा ३.१२ व २.०६ अशा भरल्यास यंत्र ५.१८ हे निरर्थक उत्तर देते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. त्यांच्या आधारे आणे-पैचे हिशेब तोंडी करता येत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली व रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द वगळण्यात आला. रुपया व पैसा यांचे नाते शंभराचे झाल्यामुळे रक्कम दशांश अपूर्णांकात लिहिणे आणि पुढे साध्या गणकयंत्रावर हिशेब करणे शक्य झाले.

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी वैध चलन राहिली नाहीत. ५० पैशांचे नाणे वैध असले तरी बाजारात क्वचितच दिसते. परिणामी आजच्या विद्यार्थ्याला पैसा हा हाताळण्याच्या वस्तूऐवजी पावतीवर दशांश चिन्हानंतर छापलेला आकडा म्हणूनच भेटतो. आधीच्या पिढ्यांना दहा पैशांची दहा नाणी मोजून जे कळत असे, ते आता वर्गात पुठ्ठ्याची नाणी करून शिकवावे लागते.

रक्कम भरणे

दशांश चिन्हाच्या डावीकडे रुपये व उजवीकडे पैसे लिहिले जातात. उजवीकडचे पहिले घर दहा पैशांचे व दुसरे एका पैशाचे असते. म्हणून ८ रुपये ५ पैसे ही रक्कम ८.०५ अशी, तर ८ रुपये ५० पैसे ही ८.५० अशी भरावी लागते. नुसते ७५ पैसे असतील तर ०.७५ असे भरतात. पैसे नेहमी दोन अंकांत लिहावेत, हा नियम कागदावर पक्का झाल्यानंतरच यंत्र हाती देणे इष्ट ठरते. अन्यथा ४५ रुपयांत ७५ पैसे मिळवताना विद्यार्थी ४५ अधिक ७५ असे भरतो आणि १२० हे उत्तर निःशंकपणे उतरवून घेतो.

मराठी संख्यानामे व यंत्र

मराठी भाषक विद्यार्थ्यापुढे काही विशेष अडचणी येतात. मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर उच्चारला जातो. ‘बेचाळीस’ ऐकताना दोन आधी कानी पडतो, पण यंत्रावर चार आधी दाबावा लागतो. त्यामुळे ४२ ऐवजी २४ भरले जाण्याचा संभव असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘त्रेसष्ट’साठी ‘साठ तीन’ असे पर्यायी वाचन दिले गेले, तेव्हा त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते. त्या वादाच्या मुळाशी उच्चार व लेखन यांच्या क्रमातील हाच भेद होता.

बाजारात रकमा बहुधा सव्वा, दीड, अडीच, साडे व पावणे या शब्दांत सांगितल्या जातात. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे म्हणजे १२५, पावणेतीनशे म्हणजे २७५, तर साडेबारा रुपये म्हणजे १२.५०. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात चार आणे, आठ आणे व बारा आणे हे शब्द अनुक्रमे २५, ५० व ७५ पैशांसाठी अद्याप येतात. असे शब्द ऐकून रक्कम अंकांत लिहिण्याचा स्वतंत्र सराव आवश्यक असतो.

यंत्रावर आंतरराष्ट्रीय अंक असतात. देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय नऊ यांच्या आकारांत साम्य असल्याने, मराठी माध्यमाच्या प्रारंभिक वर्गांत ही जोडी वेगळी दाखवून द्यावी लागते.

उत्तर वाचणे

साधे गणकयंत्र दशांश चिन्हानंतरचे शेवटचे शून्य सहसा दाखवत नाही. ७.२५ व ५.२५ यांची बेरीज पडद्यावर १२.५ अशी उमटते. तिचे वाचन ‘बारा रुपये पाच पैसे’ असे करणे ही या विषयातील सर्वांत जास्त आढळणारी चूक होय; योग्य वाचन ‘बारा रुपये पन्नास पैसे’ असे आहे. चिन्हानंतर एकच अंक दिसल्यास त्याच्या उजवीकडे शून्य लिहून मगच रक्कम वाचावी, अशी सवय लावतात. मात्र पहिले घर दहा पैशांचे असते हे कारण समजले नसेल, तर ही सवय टिकत नाही.

वजाबाकीत क्रमाला महत्त्व असते. दिलेली रक्कम आधी व खर्च नंतर भरावा लागतो. क्रम उलटल्यास उत्तरापूर्वी उणे चिन्ह येते आणि ते बारीक असल्याने नजरेतून सुटते. आधीच्या हिशेबाचे अवशेष राहू नयेत म्हणून प्रत्येक नव्या हिशेबापूर्वी पडदा पुसण्याची कळ दाबणे हेही शिकवावे लागते.

अंदाज व पडताळा

पुढील उदाहरणात तेल १३८.५० रुपये, साखर ४४ रुपये व चहापूड ६२.७५ रुपये अशी खरेदी आहे. कळ दाबण्यापूर्वी विद्यार्थी १४०, ४५ व ६० घेऊन सुमारे २४५ रुपये असा अंदाज लिहितो. यंत्र २४५.२५ दाखवते. चहापूड भरताना दशांश चिन्ह राहून गेले असते, तर उत्तर ६,४५७.५ आले असते. अंदाज लिहिलेला असल्यास ही चूक तत्काळ लक्षात येते.

दुकानदाराला ५०० रुपयांची नोट दिल्यास ५०० वजा २४५.२५ म्हणजे २५४.७५ रुपये परत मिळावयास हवेत. याचा पडताळा दोन प्रकारे घेतात. पहिल्यात परत मिळणारी रक्कम खर्चात मिळवून ५०० येतात का हे पाहतात. दुसऱ्यात दुकानदाराप्रमाणे पुढे मोजत जातात : २४५.२५ पासून २५० पर्यंत ४.७५, तेथून ३०० पर्यंत ५० व पुढे ५०० पर्यंत २००. रोखीच्या व्यवहारात २५ पैसे देता येत नसल्याने प्रत्यक्षात २४५ रुपये घेतले जातात. हिशेबाची रक्कम व दिलेली रक्कम यांतील हा फरकही समजावून द्यावा लागतो.

महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळांत भरणारे बालआनंद मेळावे व बालबाजार हे या कौशल्याचे स्वाभाविक क्षेत्र आहे. विक्रेता विद्यार्थी तोंडी हिशेब करतो व ग्राहक विद्यार्थी यंत्रावर पडताळतो, नंतर भूमिकांची अदलाबदल होते.

मतमतांतरे

प्राथमिक वर्गांत गणकयंत्र द्यावे की नाही, याविषयी एकमत नाही. ब्रिटनमधील १९८२ च्या कॉकक्रॉफ्ट अहवालाने शालेय गणितात त्याच्या वापराचा सविस्तर विचार केला होता. मात्र २०१४ पासून इंग्लंडमधील प्राथमिक शाळेच्या अखेरच्या राष्ट्रीय गणित चाचण्यांतून ते वगळण्यात आले. यंत्रामुळे पाढे व हातच्याची बेरीज मागे पडते, असा विरोधकांचा आक्षेप असतो. समर्थकांच्या मते किचकट गणनातून मुक्त झालेला विद्यार्थी व्यवहाराच्या अर्थाकडे लक्ष देऊ शकतो. गणनअक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण घरखर्च व बाजारहाट स्वतंत्रपणे करण्यासाठी त्यांना यंत्राचा आधार आयुष्यभर लागू शकतो.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्ली येथील मुलांविषयीचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी अचूक करतात, पण पाठ्यपुस्तकी मांडणीची उदाहरणे त्यांना अवघड जातात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांची स्थिती याच्या उलट असते, असे त्यात आढळले. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून सुटे पैसे मोजून घेण्याचे प्रसंगही घटले आहेत. अशा स्थितीत पावतीवरील रक्कम स्वतः पडताळून पाहण्याचे साधन म्हणून गणकयंत्राचा उपयोग होतो. मात्र त्यासाठी भरलेली व दिसलेली रक्कम विद्यार्थ्याला वाचता आली पाहिजे.