क्रॉनशिवाय रोजचं काम: डेटाबेसच्या आतलं घड्याळ

आजचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. ओटीपीच्या टेबलमधल्या जुन्या ओळी रोज रात्री उडवायच्यात, पण डेटाबेस क्लाउडवर भाड्याने घेतलेला. त्या मशीनवर लॉगिनच मिळत नाही, मग क्रॉन लावायचा कुठे?

मायएसक्यूएलमध्ये ५.१ आवृत्तीपासून यासाठी ‘इव्हेंट’ आहे. ट्रिगर टेबलात बदल झाला की चालतो, इव्हेंट घड्याळ बघून. क्रिएट इव्हेंट, मग नाव, मग ऑन शेड्यूल एव्हरी वन डे, स्टार्ट्स अमुक वेळ, डू आणि शेवटी तुमची डिलीटची क्वेरी. झालं! ८.० पासून इव्हेंट शेड्यूलर आधीच चालू असतो, जुन्या आवृत्तीत तो स्वतः ऑन करावा लागतो.

वेळेचं मात्र नीट ऐका. इव्हेंट बनवताना सेशनचा जो टाइम झोन असेल, तोच त्याला चिकटतो. सेशन यूटीसीवर असेल आणि तुम्ही रात्रीचे २ लिहिले, तर आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात. म्हणजे लोक लोकलमध्ये उभं राहून तुमचं ॲप उघडतायत आणि तिकडे भलामोठा डिलीट चाललाय. म्हणून आधी टाइम झोन +०५:३० सेट करा, मगच इव्हेंट बनवा.

दुसरं, दर मिनिटाचं काम तीन मिनिटं चाललं तर? मायएसक्यूएल थांबत नाही, पहिलं चालू असतानाच दुसरं सुरू करतो. त्यावर उपाय गेट लॉक फंक्शन. लॉक मिळालं नाही तर त्या फेरीत गप्प बाहेर पडायचं.

आता लोक सांगतात, इव्हेंट डेटाबेसमध्येच राहतो, त्यामुळे सर्व्हर बदलला तरी तो सोबत येतो. मला हे अर्धंच पटतं. मायएसक्यूएलडम्प ट्रिगर आपणहून घेतो, इव्हेंट नाही! इव्हेंट्स हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. नाही दिला तर नव्या सर्व्हरवर सगळं झकास दिसतं, एरर एकही नाही, फक्त रात्रीची सफाई बंद. महिन्याभराने टेबल फुगलं की शोधाशोध सुरू. म्हणून इव्हेंटच्या शेवटी एका छोट्या टेबलात तारीख-वेळ लिहून ठेवा आणि शेवटची नोंद दिवसापेक्षा जुनी झाली की ॲपकडून मेसेज येऊ द्या.

पोस्टग्रेसमध्ये असं काही आतून येत नाही, पीजी-क्रॉन हे एक्स्टेन्शन बसवावं लागतं. मला ते जास्त आवडतं. एकाच कामाच्या दोन फेऱ्या ते एकदम चालू देत नाही आणि प्रत्येक फेरीचा निकाल टेबलात ठेवतं. वेळ मात्र तिथेही मुळात जीएमटीच.

आणि फोनमधलं एसक्यूलाइट? तो सर्व्हरच नाही, ॲपच्या आतच चालणारी लायब्ररी आहे. ॲप बंद, तर तोही बंद. अँड्रॉइडवर त्यासाठी वर्कमॅनेजर लागतो, त्याच्यावर पुढच्या भागात बोलू.