उसगावची गोदी आणि टाइनकाठच्या क्रेन

पेण तालुक्यातल्या जित्याला गोदी नाही. पण गावचे पाणी शेवटी धरमतर खाडीलाच मिळते आणि त्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल घेऊन बार्ज ये-जा करतात. बार्ज, टग, तेलविहिरींना रसद पोहोचवणारी जहाजे हा मुख्यतः खासगी गोद्यांचा धंदा. माझगाव डॉकसारख्या सरकारी गोद्यांना युद्धनौकांची कामे असतात. खासगीवाल्याला गिऱ्हाईक शोधावे लागते.

त्या शोधात एक गोदी किती लांब गेली, हे पाहायचे तर जित्यावरून महामार्ग धरावा आणि खेड-दापोलीमार्गे दाभोळ गाठावे. जवळच वाशिष्ठीच्या खाडीकाठी उसगाव. १९७३ साली सुरू झालेल्या भारती शिपयार्डने रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या गोदीनंतर मोठ्या जहाजांसाठी ही जागा निवडली. २००७ मध्ये कंपनीने इंग्लंडमधल्या टाइन नदीवरच्या स्वॉन हंटर गोदीच्या क्रेन आणि तरंगती गोदी चक्क विकत घेतली. टायटॅनिकचे प्रवासी वाचवणारे कार्पेथिया जहाज त्याच गोदीचे. आदिलशाहीतल्या दाभोळ बंदराजवळ गोदी असणाऱ्या कंपनीने असा माल इंग्लंडहून घ्यावा, याची मला अजून गंमत वाटते.

पण वेळ चुकली. जहाजबांधणीवरचे ३० टक्के अनुदान त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपले आणि पुढच्या वर्षी जगभर मंदी आली. एक जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर पोलाद, इंजिन, मजुरी सगळे कर्जावर. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की अर्धे जहाज कोणी घेत नाही, व्याज मात्र वाढत राहते. २०१७ मध्ये भारतीचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेले, २०१९ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

खासगी गोदीची ही गत नवी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये विशाखापट्टणमला सिंदिया कंपनीची गोदी उभारायला घेतली. १९४८ मध्ये तिथून ‘जल उषा’ पाण्यात उतरली, पण चारच वर्षांत गोदीचा ताबा सरकारला घ्यावा लागला. आता २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली आहे. ती मिऱ्या-उसगावच्या बहराच्या काळात हवी होती.

दाभोळहून धोपाव्याला गाड्या नेणारी जंगलजेटी मात्र दिवसभर चालू असते. तीही खासगीच.