धनैषणा आणि वैद्याचे आयुष्य : वयानुसार आर्थिक ध्येयांचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘तिस्रैषणीय’ हा अकरावा अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा हा तेथील क्रम विचार करण्यासारखा आहे. प्राणांच्या खालोखाल आचार्यांनी धनाला स्थान दिले. साधनांवाचून दीर्घायुष्य कंठणे हे त्यांनी मोठे पाप मानले आणि कृषी, पशुपालन, व्यापार, राजसेवा असे अर्थार्जनाचे मार्गही सांगितले. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाध्यायात, चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्याची मात्र कठोर निर्भर्त्सना आहे.

या दोन वचनांत विरोध आहे असे वरवर पाहता वाटते. आमच्या मते दुसऱ्या वचनाचे पालन पहिल्याच्या आधारानेच होऊ शकते. ज्या वैद्यास पुढील महिन्यात मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे आहे आणि ज्याच्या हाती काही नाही, त्याच्या लेखणीतून अनावश्यक बस्ती वा महागडा कल्प उतरण्याचा मोह अधिक. घरची आर्थिक घडी नीट असलेला वैद्य ‘तुम्हाला औषधाची गरज नाही, पथ्य पाळा’ असे रुग्णास निर्भयपणे सांगू शकतो. म्हणून आर्थिक नियोजन हा विषय आपल्या व्यवसायाच्या शुचितेशी निगडित आहे, असे आम्ही समजतो.

आपल्या जिल्ह्याचे अर्थचक्र

वर्धा जिल्ह्यातील वैद्याचे उत्पन्न कापूस आणि सोयाबीनच्या चक्राशी बांधलेले आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील बाजारात माल जाऊन चुकारा हाती आला की दवाखान्याची उधारी वसूल होते. जून-जुलैत पेरणी सुरू होते तेव्हा शेतकऱ्याजवळचा पैसा बी-बियाणे आणि खतांत जातो. नेमक्या त्याच दिवसांत ज्वर, अतिसार, कासाचे रुग्ण वाढतात. ओपीडी भरलेली आणि गल्ला रिकामा, अशी ही अवस्था असते. आपल्या मुलांचे शाळा-महाविद्यालयांचे प्रवेशही त्याच महिन्यांत असतात.

नोकरदाराला दरमहा वेतन मिळते, भविष्यनिर्वाह निधी परस्पर कापला जातो. आपल्यासाठी ही कपात दुसरे कोणी करीत नाही. यावर पहिला उपाय म्हणजे दवाखान्याचे आणि घराचे खाते वेगळे ठेवणे. वर्षभराच्या जमेतून भाडे, औषधे, साहाय्यकाचे वेतन आणि कर वजा जाता जे उरते, त्याच्या आधारे स्वतःचे मासिक वेतन ठरवावे आणि तेवढेच घरी न्यावे. दिवाळी ते फाल्गुन या काळातील अधिक जमा पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.

ध्येय म्हणजे काय?

‘पैसा साठवला पाहिजे’ ही इच्छा झाली. मात्रा, काल आणि अनुपान लिहिल्याविना चिकित्सापत्र पूर्ण होत नाही, तसेच ध्येयाचे आहे. किती रक्कम, कोणत्या वर्षी आणि कोणत्या साधनातून, ही तीनही उत्तरे कागदावर आली म्हणजे ध्येय ठरले. रक्कम ठरविताना महागाई विसरू नये. महागाई सरासरी 6 टक्के धरल्यास खर्च सुमारे 12 वर्षांत दुप्पट होतो. आज छत्तिसाव्या वर्षी घरखर्च दरमहा 25 हजार रुपये असेल, तर त्याच राहणीस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी 50 हजार आणि साठाव्या वर्षी एक लाख रुपये लागतील.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे बाल, मध्य आणि जीर्ण असे तीन विभाग आहेत. धातूंच्या वृद्धीचा काळ तिशीपर्यंत, मध्य वय साठीपर्यंत आणि त्यापुढे जीर्णावस्था. आर्थिक ध्येयांसाठीही हीच विभागणी आम्हास सोयीची वाटते.

तिशीपर्यंत : पाया

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून वैद्य व्यवसायात येतो, तेव्हा त्याच्यावर बहुधा शैक्षणिक कर्ज असते. या काळातील पहिले ध्येय म्हणजे संकटनिधी. आपल्या जिल्ह्यातील हंगामी उत्पन्न पाहता किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचे भाडे एवढी रक्कम वेगळी असावी. दुसरे ध्येय आरोग्य विमा आणि, कुटुंब अवलंबून असल्यास, मुदतीचा आयुर्विमा. बचत आणि विमा एकाच पॉलिसीत गुंफण्याचा मोह टाळावा. त्यात बहुधा विमाही अपुरा पडतो आणि बचतही.

तिसरे ध्येय लहान रकमेने का होईना, निवृत्तीसाठी आरंभ करण्याचे. तिसाव्या वर्षापासून दरमहा 3 हजार रुपये 7 टक्के दराने 30 वर्षे साठविल्यास साठीला सुमारे साडेछत्तीस लाख रुपये होतात. तीच रक्कम पंचेचाळिसाव्या वर्षी साठवावयास प्रारंभ केल्यास साठीला केवळ साडेनऊ लाख जमतात. तो उशीर भरून काढण्यास दरमहा सुमारे साडेअकरा हजार रुपये भरावे लागतील.

तीस ते पंचेचाळीस : संवर्धन

घर, स्वतःच्या मालकीचा दवाखाना, मुलांचे शिक्षण अशी अनेक ध्येये या काळात एकदम उभी राहतात. त्यांची क्रमवारी लावणे हेच खरे काम. कर्ज काढून प्लॉट घेऊन ठेवण्याची आपल्याकडे मोठी आवड आहे. परंतु ऐन प्रवेशाच्या वेळी प्लॉट विकला जात नाही आणि विकला तर पडेल भावाने जातो. जे ध्येय पाच वर्षांच्या आत आहे, त्याचा पैसा सहज मोडता येईल अशाच ठिकाणी असावा.

दूरच्या ध्येयांसाठी 1968 साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी योजना स्वतंत्र व्यावसायिकास उपयुक्त आहे. तिची मुदत 15 वर्षांची असून वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत भरणा करता येतो. मुलगी दहा वर्षांच्या आतील असल्यास 2015 पासूनची सुकन्या समृद्धी योजना आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना 2009 पासून सर्व नागरिकांस खुली झाली आहे.

औषधी दुकानदार बंधूंचा प्रश्न थोडा निराळा आहे. ‘दुकानातला माल हीच माझी बचत’ असे अनेकजण म्हणतात. परंतु मालास वापराची अंतिम तारीख असते, चूर्णे पावसाळ्यात ओलावा धरतात आणि वैद्यांकडील उधारी वेळेवर येत नाही. दुकानातील भांडवल व्यवसायाचे. त्यातून दरवर्षी ठरावीक भाग बाहेर काढून घराच्या नावे ठेवला, तरच ती बचत होय.

पंचेचाळीस ते साठ : कर्जमुक्ती

या काळात नवे कर्ज घेऊ नये आणि जुने साठीच्या आत फेडावे. मुलांच्या विवाहासाठी वा परदेशी शिक्षणासाठी निवृत्तीची पुंजी मोडणारे पालक आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, वार्धक्यासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

पैसा कोठे ठेवावा, याचा धडा आपल्या जिल्ह्यास मिळालेला आहे. 2002 साली उघडकीस आलेल्या होम ट्रेड प्रकरणात नागपूरप्रमाणेच वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचाही पैसा सरकारी रोख्यांच्या व्यवहारात गुंतला. त्यानंतर बँक अडचणीत येऊन ठेवीदारांस स्वतःच्याच ठेवींसाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागले. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून, 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्यापूर्वी ते एक लाख होते. पतसंस्थांतील ठेवींस हे संरक्षण नाही. दोन टक्के अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. त्यांनी याचा फेरविचार करावा.

साठीनंतर : रक्षण आणि हस्तांतर

आमच्या परिचयातील एक ज्येष्ठ वैद्य पंचाहत्तरी उलटल्यावरही सकाळ-संध्याकाळ ओपीडी चालवीत. त्यांची नाडीपरीक्षा ऐकीव नव्हे, अनुभवसिद्ध होती. परंतु पुढे दृष्टी मंदावली, हात कापू लागला, तरी त्यांना थांबता येत नव्हते, कारण थांबल्यास घर चालणार नव्हते. सेवा म्हणून रुग्ण पाहणे आणि नाइलाज म्हणून पाहणे यांतील अंतर त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

या वयात मुद्दलाचे रक्षण आणि नियमित उत्पन्न ही ध्येये असावीत. 2004 पासूनच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख रुपयांपर्यंत ठेव ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीस मिळते. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरील सर्व नागरिकांस उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेचे 5 लाखांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. त्याचे कार्ड ज्यांनी काढले नाही त्यांनी काढावे.

प्रत्येक खात्यास नामनिर्देशन आहे का, मृत्युपत्र झाले आहे का, दवाखान्याचा भाडेकरार आणि भागीदारीचे कागद कोठे आहेत, हे घरातील आणखी एका व्यक्तीस, विशेषतः पत्नीस वा पतीस, ठाऊक असावे. ज्या घरात सारे हिशेब एकाच्या डोक्यात असतात, त्या घरास दुःखाच्या दिवसांत बँकांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

वैद्यमित्रहो, वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्या वर्षाचे हिशेब मिटत असताना, पती-पत्नींनी एकत्र बसून एका कागदावर आपली ध्येये, त्यांची रक्कम आणि वर्ष लिहावे व मागील वर्षीच्या कागदाशी ताडून पाहावे. रुग्णास आपण ऋतुचर्या सांगतो. स्वतःच्या संसाराची वयश्चर्याही आपणच सांभाळावयास हवी. ती सांभाळली, तर दारात आलेल्या गरीब रुग्णाकडून पैसे न घेण्याचे स्वातंत्र्य आपल्याला अखेरपर्यंत राहील.